स्कूटरच्या किल्लीस पिशवी जोडिली त्याची हकीकत

ज्या साली थोरल्या कन्येचे लग्न ठरोन व्याही-विहीण प्रथमच घरी चहास आले, त्या साली स्वयंपाकघराच्या मुलखात जे घनघोर युद्ध जाहले, त्याची हकीकत येणेप्रमाणे. पाहिले तैसे लिहिले आहे, पदरचे तिखटमीठ घातले नाही. अक्षर उशिरा हाती आले, सबब वळण वाकडे दिसले तरी मजकूर सरळ आहे इतके जाणोन वाचावे.

प्रसंग ऐसा की, कन्येच्या मातोश्री सूनबाईसाहेब विहिणीसमक्ष ठेवणीतल्या कपबश्या काढावयास ओट्याखालचे कपाट उघडत्या जाहल्या, आणि दार उघडताच आतून प्लास्टिकच्या पिशव्यांची फौज एकाएकी लोटली. आघाडीस लहान पिशव्यांचे पायदळ, मग दुकानांची नावे मिरविणाऱ्या चकचकीत सरदार पिशव्या, आणि मागोमाग, जिच्या पोटी हे सारे लष्कर कोंबले होते ती थोरली पिशवी हत्तीसारखी डुलत बाहेर आली. सूनबाई गुडघ्यापर्यंत बुडाल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही अस्संच आहे हो," परंतु बशीआड जे हसू लपविले ते सूनबाईंच्या काळजात भाल्यासारखे रुतले.

पाहुण्यांची पाठ फिरताच फर्मान सुटले की, हा सारा दारूगोळा उद्याच भंगारात जावा आणि पुन्हा या घरी पिशवीचे तोंड दिसू नये.

त्या कपाटाच्या किल्लेदार आत्यासाहेब. सूनबाईंचे यजमान दादासाहेब, त्यांच्या वडिलांची ही थोरली बहीण, आणि दादासाहेबांस लहानाचे मोठे यांनीच केले. हल्ली गुडघे फितूर जाहले, स्वयंपाक सुटला, हिंडणे सुटले. पिशवी धुवावी, वाळवावी, तिकोनी घडी घालोन जपावी, एवढीच जहागीर उरली होती. त्यांनी कपाटापुढे फतकल मारिली.

"आधी मला भंगारात घाल, मग माझ्या पिशव्या."

"अहो आत्या, सात पिढ्यांना पुरतील इतक्या आहेत!"

"मग पुरू देत की! या घरात माझं म्हणून एवढं एकच कपाट आहे."

तेव्हा थोरली कन्या मध्यस्थीस आली आणि तह जाहला तो ऐसा: जुन्या पिशव्या फाटेपर्यंत वापराव्या, नवी पिशवी उंबरठ्याआत येऊ नये, महिनाभर ही शर्त निभावली तर कपाट आत्यासाहेबांचे कायम, आणि एकही नवी आत आली तर सारा खजिना भंगारवाल्याचा.

आता दैवाचा खेळ पाहावा. बाजारहाटाचा कारभार दादासाहेबांकडे, आणि आत्यासाहेबांची जहागीर त्यांच्या स्मरणशक्तीवर येऊन ठेपली. दादासाहेब चष्म्याच्या दुकानी नोकरीस. जगाच्या डोळ्यांचे नंबर काढावे, परंतु घरच्या दारामागचा खिळा त्यांच्या नजरेस कधी पडला नाही. कापडी पिशव्या त्याच खिळ्यास टांगलेल्या, आणि दार उघडले की खिळा दाराआड. सारे घराणे वर्षानुवर्षे रिकाम्या हाती बाहेर पडे आणि पिशव्या घेऊन परते.

तहाच्या पहिल्याच संध्याकाळी दादासाहेब नव्या पिशव्या झुलवीत दाराशी आले. आत्यासाहेबांनी काठी आडवी धरिली.

"तिथंच थांब! परत कर जा."

"अगं आत्या, टोमॅटो काय डोक्यावर आणू?"

"डोक्यावर आण, नाहीतर खिशात आण!"

मग दादासाहेब माघारी गेले, आणि टोमॅटो हेल्मेटात व अंडी सदऱ्याच्या खिशांत ऐसी रसद बांधोन निघाले. चौकात हवालदाराने अडविले.

"हेल्मेट कुठंय?"

"हे काय मांडीवर. टोमॅटो आहेत त्यात."

हवालदार इतका हसला की दंड करणे विसरला. रसद सुखरूप पोहोचली ऐसे पाहोन आत्यासाहेबांस आनंदाचे भरते आले आणि त्यांनी भाच्यास कडकडोन मिठी मारिली. अंडी तेथेच धारातीर्थी पडली.

त्या उपरांत आत्यासाहेबांनी खाशी मसलत केली. शिवणयंत्रावरची धूळ झटकिली, जुन्या फुलाफुलांच्या पडद्याची पिशवी बेतिली, आणि तिच्या बंदास स्कूटरची किल्लीच दुहेरी दोऱ्याने शिवोन टाकिली. आता पिशवीवाचोन स्कूटर सुरू होणे नाही. दुसरे दिवशी दादासाहेब कूच करिते जाहले तेव्हा ती पिशवी गुडघ्यापुढे जरीपटक्यासारखी फडकत होती.

"आत्या, दुकानात लोक हसतात गं."

"हसू देत. तुझ्या दुकानात येतात म्हणजे त्यांना नीट दिसतच नसणार."

ऐसा महिना निघाला. मासळी डब्यात आली, पाव रुमालात आला. शेवटच्या संध्याकाळी सूनबाई जातीनिशी भाजी ओतू लागल्या, तो तळाशी, भाजीवालीने मायेने दिलेल्या मूठभर मिरच्या आणि त्यांस गुंडाळलेली चिमुकली, कोरी, पारदर्शक पिशवी! दादासाहेबांचा चेहरा उतरला. आत्यासाहेबांनी कपाटाच्या दारावरून फक्त हात फिरविला.

सूनबाईंनी तो हात पाहिला आणि म्हणाल्या, "ही होय? ही आपलीच जुनी. सकाळी मीच आत ठेवली होती."

आत्यासाहेबांनी पिशवी घेतली, कानाशी चुरगाळिली. नव्या नाण्यासारखी वाजली.

"हो हो, जुनीच," त्या म्हणाल्या. "आवाजावरून कळतं."

मग धुतली, वाळविली, तिकोनी घडी घातली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पुढे वर्षभरात खजिना वापरोन रिता होत गेला, आणि विहीणबाई पुन्हा चहास आल्या तेव्हा सूनबाईंनी ते कपाट मुद्दाम सताड उघडे ठेविले. आत तीच एक घडी उरली होती. ती अद्याप कोणी वापरीत नाही, आणि किल्लीही पिशवीसच आहे. थोरल्या कन्येची मुलगी रांगू लागली त्या साली, थंडी सरताना, सकाळचा चहा घेऊन आत्यासाहेब वारल्या.