अंतर्दाह निर्मूलन मंडळ

माणसाच्या शरीरात सूज दोन जागी असते: दिसते तिथे, आणि डॉक्टर सांगतात तिथे. यातली दुसरी अधिक प्रतिष्ठेची.

जुन्या जालन्यातले कापडवाले बद्रीनाथशेट यांना ती १९९८ साली लाभली. सकाळी बोटं वळेनात, म्हणून ते दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "शेट, पोटावरची चरबी नुसती बसून नसते. तिच्यापायी अंग आतल्या आत धुमसत राहतं. जेवण आवरा, रोज चाला. हळूहळू उतार पडंल."

यातला 'हळूहळू' तेवढा शेटजींना मानवला. त्यांनी ताबडतोब 'अंतर्दाह निर्मूलन मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष स्वतः, उपाध्यक्ष संपत मास्तर (यांना सूज नव्हती, पण वेळ होता). पहिल्याच बैठकीत ठरलं की सर्वांनी रोज सकाळी तलावापर्यंत चालावे. चालण्याने अशक्तपणा येतो, सबब तिथे अल्पोपाहार असावा. चालताना चर्चा नीट होत नाही, सबब ऑटोने जावे. रस्ता पाहता ऑटोत व्यायाम घडतोच. आहारनियंत्रण म्हणून कचोऱ्या मोजून खाव्यात. (मोजणी कसोशीने होई.)

कचोऱ्या शेटजींच्या घरच्या. ऑटोत जागा फक्त सभासदांना, त्यामुळे डबा घेऊन त्यांच्या पत्नी उषाबाई मागून पायी येत. त्यांचे गुडघे असे सुजलेले, की कित्येक वर्षांत त्यांना खाली बसता आलं नव्हतं.

"उशीर केला," पहिल्या दिवशी शेटजी म्हणाले.

"गुडघे ठणकून राह्यले हो."

"मंग जल्दी निघत जा."

त्या जल्दी निघू लागल्या. मंडळ उठल्यावर डब्यात काही उरत नसे. म्हणून त्या घरी येऊन भाकरी न् मेथीची भाजी खात.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मंडळ सर्व बाजूंनी वाढलं. ऑटो दोन लागू लागल्या.

एका सकाळी उषाबाईंनी डबा ठेवला आणि त्या नकळत गवतावर मांडी घालून बसल्या. मग दचकल्या. गुडघ्यांवरून हात फिरवला, मांडी मोडली, पुन्हा घातली. "अहो, बघा! मला बसता येऊन राह्यलं!" त्यांचे डोळे भरून आले.

मंडळही भारावलं. संपत मास्तर उभे राहून म्हणाले (उभं राहायला दोघांनी मदत केली), "उपचार बराबर लागू पडला!" शाल-श्रीफळ देऊन शेटजींचा सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी उषाबाई रिकाम्या हातांनी आल्या आणि न थांबता पुढे निघाल्या.

"अगं, डबा?"

"न्हाई आणला. तुमची सूज तुमी बघा."

मागे वळूनही न बघता त्या तलावाला वळसा घालून गेल्या.

मंडळाने निषेधाचा ठराव एकमताने, बसून, मंजूर केला. नवीन सभासद घेणं चालूच आहे. अट एकच: व्यायामाबद्दलचं लिखाण बूड न हलवता शेवटपर्यंत वाचलेलं असावं. आपला अर्ज मंजूर झाला आहे.