अर्ध्या विहिरीतली पाणबुडी

आमचे साडू उत्तमराव यांनी चांदूर बाजारजवळच्या आपल्या शेतात पाणबुडी बांधली. हो, पाणबुडीच! तीही संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत चालवायला. खरं तर अर्ध्या विहिरीत, कारण उरलेली अर्धी त्यांच्या थोरल्या भावाची, साहेबरावांची.

पाणबुडी कशाला, असं कुणी विचारलं की उत्तमराव आधी "काऊन नाई?" म्हणत आणि मग माणूस पाहून कारण देत. माझ्या मेहुणीला सांगितलं, "खाली थंडगार रायते, उन्हाळ्यात कूलरचं काम नाई." सरपंचाला सांगितलं, गाळ तपासायचाय. एका लग्नात कुणा वकिलाने खोदून विचारलं, तर म्हणाले, "वाघ आला तं लपाले जागा पायजे ना बाप्पा." सेमाडोहच्या जंगलातला वाघ इतक्या लांब कशाला येईल, असं वकीलसाहेब म्हणाले. "थे त्याले विचारा. मी काऊन सांगू?"

मला विचारायची संधीच मिळाली नाही. एका सकाळी ते अकोल्याला, जठारपेठेत आमच्या दारासमोर टेम्पो घेऊन उभे. "चाला साडभाऊ, टाकी पायले जाऊ." मी चहा अर्धा टाकून निघालो. खोटं कशाला बोलू, मला भयंकर मजा वाटत होती. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तोवर कुणी बांधलेली सगळ्यात धाडसी वस्तू म्हणजे गच्चीवरचं पत्र्याचं शेड.

भंगारातून एक दणकट लोखंडी टाकी आणली. तिला झाकण बसलं, जाड काचेची खिडकी बसली. काचेभोवती कुकरचं रबर लावलं, त्यामुळे मेहुणीकडे वरण शिजेना. हवेसाठी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, बोलण्यासाठी वेगळा पाइप, त्याच्या वरच्या तोंडाला तेल ओतायचं नरसाळं. "विज्ञान हाय साडभाऊ!" असं म्हणून उत्तमराव टाकीवर थाप मारत आणि मलाही मारायला लावत.

आता त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. वाटणी झाली तेव्हा बांधावरच्या एका संत्र्याच्या झाडावरून दोघा भावांत वाजलं आणि बोलणं बंद झालं, ते कायमचं. विहिरीवर एक दिवस याची मोटर, एक दिवस त्याची. आतल्या भिंतीवर चुन्याची उभी रेघ. उत्तमराव या विषयावर चकार शब्द काढत नसत. मेहुणीच एकदा मला हळूच म्हणाली, "दर दिवाळीले फराळाचं ताट घेऊन बांधापर्यंत जातेत, अन् तसेच वापस येतेत." ऐकून मला फार वाईट वाटलं होतं.

पाणबुडी सोडायच्या दिवशी विहिरीभोवती ही गर्दी! विहीर खोदणाऱ्यांची क्रेन आली होती. साहेबराव सकाळपासून आपल्या बाजूच्या काठावर हाताची घडी घालून उभे, पाणबुडी हद्द ओलांडते का ते बघायला. उत्तमराव आत शिरले, साखळी सैल झाली आणि टाकी बुडेचना! रेतीची पोती टाकून झाली, तरी ती लोळून तरंगायची आणि फिरत फिरत थेट चुन्याच्या रेघेपलीकडे जायची.

"अजून एक माणूस लागते," झाकणातून डोकं काढून उत्तमराव म्हणाले.

मी पँट दुमडून तयारच होतो. "तुमचं वजन पुरत नाई, साडभाऊ." गावचा पैलवान पुढे झाला. "तुहं जास्त होते." मी चिडून आत डोकावण्यासाठी टाकी काठाशी उचलायला लावली. आत दुसरीही एक बैठक होती, चांगली बुटकी, आणि उजव्या हाताला आधाराची कडी, गुडघा दुखणाऱ्या माणसाला बसता-उठता यावं अशी. उत्तमरावांचे गुडघे ठणठणीत आहेत. समोर साहेबराव एका पायावर भार देऊन उभे होते. माझा सगळा राग तिथेच गळाला.

तेवढ्यात साहेबराव क्रेनवाल्याला म्हणाले, "त्याले सांगा, त्याची टाकी सारखी माह्या अर्ध्यात येऊन राह्यली."

"त्याहीले सांगा," उत्तमराव क्रेनवाल्यालाच म्हणाले, "मंग आत बसून बाजूले घ्या म्हना."

क्रेनवाला बिचारा एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. साहेबरावांनी हाताची घडी सोडली. मग त्यांनी चपला काढल्या, वळसा घालून आमच्या बाजूला आले आणि कडी धरून आत उतरले.

झाकण लागलं. टाकी सरळ झाली, पाण्याला टेकली आणि डुबुक करून खाली गेली! आम्ही पोरांसारखे ओरडलो. पैलवानाने मला उचललंच. नंतर मात्र नरसाळ्यातून काही आवाज येईना. कॉम्प्रेसर चालू होता, तरी मेहुणी पदर चावू लागली.

मी नरसाळ्याला तोंड लावून ओरडलो, "उत्तमराव! वर घेऊ का?"

उत्तर आलं ते साहेबरावांचं, घोगऱ्या आवाजात.

"थांबा जी जराक. आमी बोलून राह्यलो."