धुक्यात दाखवलेली दरी

सकाळी धुकं इतकं होतं की हातातली किटली मला दिसत नव्हती. तरी मी पाहुण्यांना म्हणालो, "चला, दरी दाखवतो." (थांबून विचार करण्याचं खातं आमच्या घरात दादाकडे होतं.)

दादाला जाऊन दोन महिने झाले. या खोऱ्यात पर्यटक आणायचं वेड त्याचं. घरच्या दोन खोल्या रंगवून त्यानं पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. आता त्याचा विषय निघाला की मी आणि वहिनी काहीतरी काम शोधून उठतो.

काल वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यांच्याशिवाय हे चालायचं नाही. हे पाहुणे गेले की खोल्यांना कुलूप. परवा भाऊ न्यायला येतोय मला."

तेव्हाच ठरवलं, दरी दाखवायची ती थेट दादासारखी. माझी शाळा सातवीत सुटली. डोंगर दादाला पाठ होते, मला दादा पाठ होता.

तर मी पुढे, मागे पाहुण्यांतले काका, त्यांच्यामागे काकू. काकूंना प्रश्न फार. बरंच चालल्यावर हाताला गार लोखंडी कठडा लागला.

"आलो!" मी दादाच्या आवाजात सुरू केलं. "समोर सरळ खाली दरी. पलीकडे तीन डोंगर."

"पाण्याचा आवाज कसला?" काकू.

"धबधबा."

"बारमाही?"

"अगदी."

"आणि ही भांडी वाजतायत ती?"

"तळाला वस्ती आहे. खोऱ्यात आवाज वर चढतो."

"फोडणीचा वासही चढतो?"

"तो आधी चढतो."

काका भक्तिभावानं धुक्याचे फोटो काढत होते.

"त्या मधल्या डोंगरावर जाता येतं का हो?" काकू.

"दादा जायचा," म्हणालो आणि पुढे आवाजच फुटेना.

"उंचीवर होतं असं," काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "लांब श्वास घ्या."

मी घेतला. तेवढ्यात दरीच्या तळातून हाक आली, "भाऊजी! पाहुण्यांना कुठे नेलंत? चहा झालाय!"

आणि धुकं हटलं.

समोर आमच्याच घराची मागची भिंत होती. मी धरलेला कठडा मागच्या जिन्याचा. वरची टाकी भरून वाहत होती. तीन डोंगरांच्या जागी दोरीवर माझ्या तीन बनियन वाळत होत्या. मधलीला भोक होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी, हातात झारा.

काकूंनी मान वर करून टाकीकडे बघितलं. "धबधबा छान आहे हो."

वहिनीच्या हातून झारा पडला. ती खिडकीचे गज धरून हसत सुटली. दादा गेल्यापासून हे हसू घरात ऐकलं नव्हतं. हसता हसता मधेच रडली, परत हसली. मीही दोन्ही केलं, बनियनकडे पाठ करून.

जरा वेळानं आतून तिचा फोनवरचा आवाज आला. भावाशी बोलत होती.

"नको येऊस रे उद्या. खोल्या चालू ठेवतेय... नाही, इथेच राहते... अरे, एकट्या भाऊजींवर कसं सोडू? आज घरामागे नेलं म्हणून निभावलं. एखाद्या दिवशी त्यांना खरी दरी सापडली म्हणजे?"