शास्त्रीबुवांचा डायलॉग

वेणीमाधवशास्त्र्यांनी लिहिलेला संवाद वाचता वाचता मुंबईचे दिग्दर्शक रत्नाकर मध्येच उठून चहा पिऊन आले, तरी सिनेमातला बाप बोलतच होता. त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून निघालेल्या मुलीला तो दारात अडवून दीड पान समजावत होता.

"शास्त्रीजी, एवढं ऐकेपर्यंत तिची गाडी चुकेल. थोडक्यात लिहा, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

शास्त्रीबुवांची बनारसच्या ब्रह्माघाटावर वेद शिकवण्यात हयात गेलेली. त्यात बनारसी बापाच्या एका प्रसंगाचं हे काम चालून आलं आणि पडद्यावर नाव येणार, हे त्यांच्या बायकोने, शरदिनीबाईंनी, मोहल्लाभर सांगून टाकलं.

"आता माघार घेतलीत, तर मी भाजीला कुठल्या तोंडाने जाऊ?" त्या म्हणाल्या.

काळजावर दगड ठेवून शास्त्रीबुवांनी दीड पानाचं एक वाक्य केलं: "बेटी, इस घर से मत जा।" रत्नाकर खूश झाले. पण बापाचं काम करणाऱ्या नटाच्या डोक्यात तेवढंही राहीना. कधी तो बेटी विसरे, कधी घर.

"माझ्याकडे द्या त्याला. माझा विद्यार्थी झोपेतून उठवला तरी पाठ चुकत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

त्यांनी नटाला मांडी घालून समोर बसवलं. वेद पाठ करताना शब्द जोडीजोडीने सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे म्हणायचे, ही त्यांची पिढीजात रीत. दोन तासांत वाक्य पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी घाटावर ही गर्दी. कॅमेरा सुरू झाला. मुलगी दारात आली. नटाचे डोळे भरले, मान वरखाली हलली आणि तो खणखणीत म्हणाला, "बेटी इस, इस बेटी, बेटी इस! इस घर, घर इस, इस घर!"

अख्खा घाट पोट धरधरून हसला.

"हे काय करून ठेवलंत?" रत्नाकर ओरडले. "विसरायला सांगा त्याला!"

"विसरायची रीत आमच्यात नाही हो," शास्त्रीबुवा रडकुंडीला आले.

सात वेळा तेच झालं. "पंडितजी, रुकता ही नहीं!" नट हात जोडून म्हणाला.

"प्रसंगच काढून टाकतो," रत्नाकर म्हणाले. प्रसंग गेला की नावही गेलं. शरदिनीबाई गर्दीत अगदी पुढे उभ्या होत्या. शास्त्रीबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावरचे शब्द भराभर खोडले. जोडी राहिली की घोटाळा होणार! शेवटी एकच शब्द उरला.

"अहो, पण अर्थ उलटा झाला की!" रत्नाकर म्हणाले.

"म्हणू तर द्या त्याला."

नट म्हणाला, "जा।" आणि थांबला. उलटायला काही उरलंच नव्हतं. मुलगी खरोखरच हुंदका देऊन रडली. रत्नाकरांनी शास्त्रीबुवांना मिठी मारली.

सिनेमा बनारसला लागला. शास्त्रीबुवांचं नाव पडद्यावर चार सेकंद राहिलं, त्यांचा संवाद एक सेकंद. शरदिनीबाई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या.

"इतकं कमी शब्दांत बोलता येतं तुम्हाला? मग बत्तीस वर्षं घरी काय झालं होतं?"

शास्त्रीबुवांनी लगेच कारण सांगायला घेतलं. ब्रह्माघाट आला, तरी ते सांगतच होते.