पाचव्या गाण्यात कंबर

मोघे माणसाचे आधी गुडघे विचारतो, मग नाव. वय एकाहत्तर, जहाजावरचा रिटायर इंजिनियर, राहतो पलीकडच्या ब्लॉकमध्ये. सिंगापुरात हौगांगला आमच्या बिल्डिंगखाली खांबांमध्ये मोकळी जागा आहे, तिथे रोज सकाळी नऊ चिनी म्हाताऱ्यांचा व्यायाम घेतो. आणि वाजवतो काय? भजन नाही, भावगीत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या तिघा पोरांचं हिपहॉप! एकच सीडी, त्यांची गाजलेली बारा गाणी निवडून घातलेली. मी सातवी नापास, मला ते गाणं वाटलंच नाही. वाटलं, कोणीतरी भांडतंय आणि मागे कोणीतरी पिंप बडवतंय.

"जाधवराव, न्यूयॉर्कवाल्यांच्या गाण्यावर गुडघा जातो," मोघे म्हणतो. "दक्षिणेकडच्यांना घाई नाही. ठेका बघा, कसा जेवून निघाल्यासारखा चालतो. आणि निवडक माल हो! पाणी घातलेलं एकही गाणं नाही."

त्याला घड्याळ लागत नाही. पाचव्या गाण्यात कंबर, आठव्यात मान. एकदा डॉक्टरलाही सांगून आला, "चक्कर नवव्यात आली."

सुट्टीच्या दिवशी माझी नात खाली आली, कान देऊन ऐकलं नि लाल झाली. "आजोबा, सो व्हल्गर लाह! सगळ्या शिव्या आहेत!"

मी मोघेला सांगितलं. तो ढिम्म. "शिवी पोटातून येते. तेवढाच पोटाला व्यायाम."

पहिल्या रांगेतली लिम आंटी म्हणाली, "वी नो लाह, अंकल. बट द ड्रम व्हेरी गुड."

गेल्या सोमवारी खांबावर नोटीस लागली. रहिवाशाच्या तक्रारीवरून इथे गाणी बंद. तक्रार माझीच होती.

बायको गेल्यावर पोराने मला गावाहून इकडे आणलं. दोन महिने मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मग एके दिवशी खिडकीखाली हा धुडगूस सुरू झाला. पोराकडून तक्रार लिहून घेतली. तरी थांबेना, म्हणून चौथ्या दिवशी स्वतः उतरलो, मोघेची कॉलर धरायला. त्याने गुडघे विचारले. तेव्हापासून रोज उतरतोय. तक्रारीचं विसरूनच गेलो होतो.

"मग तुमच्या ब्लॉकखाली घ्या," मी म्हणालो.

"नाही. इथेच," मोघे हटून बसला.

लिम आंटीने मला बाजूला ओढलं. "बिफोर, ऑल देअर, अंकल. युअर सन टेल हिम, फादर नेव्हर कम आउट. सो ही मूव्ह हिअर. ही से, मस्ट मेक यू अँग्री, देन यू कम डाउन."

मी मोघेसमोर जाऊन उभा राहिलो. "तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. तुमच्या मुलानेच सांगितलं. त्या दिवशी या सगळ्यांना मी पेढे वाटले." मग सीडी काढून सदऱ्याला पुसत बसला. बराच वेळ पुसली. "माझी गेली तेव्हा मी चार वर्षं घरात होतो, जाधवराव. खाली कोणी काही वाजवलंच नाही."

मी त्याचा स्पीकर उचलून काखेत मारला.

"अहो, कुठे नेताय?"

"माझ्या घरी. हा आता तिथेच राहणार. उद्यापासून मी तो तुमच्या ब्लॉकखाली घेऊन येतो. ज्या दिवशी मी येणार नाही, त्या दिवशी गाणी नाहीत, आणि या म्हाताऱ्यांना तोंड तुम्ही द्यायचं."