पेरूच्या बाजूचे कोंडिबा तात्या

कोंडिबा तात्यांच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी कड्यातून चेंडू टाकावा लागे. यात कुणालाही सूट नव्हती. अंगणातल्या लिंबाला सात हात उंचीवर मोटेचं लोखंडी कडं त्यांनी आडवं ठोकलं होतं. कालव्याचं पाणी आल्यापासून मोट पडूनच होती. कातडं कुजून गेलं, कडं तेवढं तात्यांनी कामाला लावलं. आलेल्या माणसाच्या हातात ते चेंडू देत आणि म्हणत, "टाका. मंग बसा." तलाठ्यानं टाकला. पोस्टमनचा तर रोज टाकून टाकून हात बसला होता. एकदा पुतणीला बघायला पणदऱ्याहून पाहुणे आले, तर नवरदेवाच्या बापाला यांनी धोतर सावरत अकरा वेळा टाकायला लावलं. बारावा चेंडू गेला तेव्हा कुठं चूल पेटली. लग्न जमलं, पण व्याही पुन्हा कधी चहाला आला नाही.

तात्या आमच्या बारामतीच्या शाळेत कवायत मास्तर, मी भूगोल शिकवायचो. शिवाय शेजारी, त्यामुळं माझी सुटका नव्हती. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते. तिथल्या छावणीत एका गोऱ्या पाद्र्यानं त्यांना बास्केटबॉल शिकवला. माणसं लढाईवरून पेन्शन आणतात, जखमा आणतात. हे गृहस्थ हा खेळ घेऊन आले. चेंडू गावच्या चांभाराकडून शिवून घेतलेला आणि आत लोकर भरलेली. तो जमिनीवर पडला की तिथंच बसायचा. त्यामुळं तात्यांच्या बास्केटबॉलमध्ये चेंडू आपटणं हा प्रकारच नव्हता. बाहेरच्या देशांत तो आपटत आपटत नेतात, असं मी त्यांना एकदा सांगितलं, तर चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि ते पंच होते. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत जत्रेचं कुस्त्यांचं मैदान तात्यांशिवाय लागत नसे. पंचगिरी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न, "निकाल काय?" कुणाला ताप आला, निकाल काय? म्हैस गाभण राहिली का, निकाल काय? मी तासभर एखादी गोष्ट रंगवून सांगावी आणि शेवटी यांनी विचारावं, ते ठीक हाय मास्तर, पन निकाल काय?

या निकालापायीच त्यांच्या घरात चार वर्षं सण गोड झाला नव्हता.

झालं ते असं. त्यांचा एकुलता एक मुलगा मारुती चांगला पैलवान. इंदापूरच्या जत्रेत त्याची कुस्ती लागली आणि पंच तात्याच. मारुतीनं समोरच्याला चितपट केला. तोच त्या गड्याची माणसं मैदानात घुसली, पाठ मातीला लागलीच नाही म्हणून ओरडायला लागली. "बाप पंच, लेक पैलवान, कसली कुस्ती?" असंही कुणी म्हणालं. तात्यांनी हुकूम दिला, कुस्ती परत लावा. मारुती म्हणाला, "एकदा जिंकलीया. परत न्हाय लढनार." त्यानं माती कपाळाला लावली, कपडे उचलले आणि मैदानातून चालता झाला. तात्यांनी दुसऱ्याचा हात वर केला.

मारुती घरी आला नाही. तो थेट मुंबईला गेला आणि गोदीत लागला. तात्या म्हणत, "भर मैदानात पंचाचा सबूद मोडला त्यानं. माफी मागू दे, मंग उंबरा." काकी, म्हणजे तात्यांची बायको, माझ्याकडून गुपचूप कार्डं लिहून घेत. मारुतीचं उत्तर दर वेळी तेच: कुस्ती मी जिंकली होती एवढं तात्यांनी म्हणावं, त्या दिवशी येतो. आता यात काय करणार? बाप तसा लेक. मधल्या मध्ये काकी वाळत चालल्या होत्या.

अशात छत्तीस साल उजाडलं. बर्लिनला ऑलिंपिक भरलं आणि त्यात म्हणे पहिल्यांदाच बास्केटबॉल होता. हे मी तात्यांना सांगितलं ती चूक माझीच. डॉक्टरांच्या दवाखान्यात मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. तात्या रोज ते मागून आणून माझ्यापुढं आपटायला लागले. आपल्या देशाचा संघ हॉकीत होता, बास्केटबॉलमध्ये नव्हता. यानं ते फार अस्वस्थ झाले.

"आपला संघ न्हाय म्हनून काय नुसतं बघत बसायचं? कुनाच्या तरी पाठीशी उबं ऱ्हायाला नगं का?"

मी यादी वाचली. अमेरिका नको, ती जिंकणारच. जर्मनीशी तर यांचं जुनं वैर. वाचता वाचता मी पेरूवर आलो. नावावरून जे हसायचं ते गावानं पहिल्याच दिवशी हसून घेतलं, म्हणून ते मी इथं सांगत नाही. तात्यांनी विचारलं, ही कुठली माणसं? मी नकाशा काढला. दक्षिण अमेरिका, समुद्राकाठी वाळवंट, मागं उंच डोंगर, आणि डोंगरात लोकर देणाऱ्या जनावरांचे कळप राखणारी माणसं.

"मेंढकं?" तात्या ताठ बसले. त्यांचे आजोबा कोऱ्हाळ्याच्या माळावर मेंढरं राखायचे. "मंग आपलीच मानसं की ही. ठरलं. आपुन पेरूच्या बाजूनं."

सामने मातीच्या मैदानावर होतात हे कळल्यावर तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. माती आहे म्हणजे रीतसर आहे, असं त्यांचं मत.

पहिल्या सामन्यात पेरूनं इजिप्तला हरवलं. वर्तमानपत्रात त्याची एक ओळ होती. एकच. तात्यांचा चेहरा बघून ती एवढ्यावर संपवणं मला जमलं नाही. मी अर्धा तास बोललो. पेरूचा एक उंच गडी कसा आत शिरला, इजिप्तवाल्यांनी त्याला कसा तिघांत धरला, तरी त्यानं डाव्या हातानं चेंडू कसा सोडला, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. देवानं माफ करावं. ऐकायला पाचजण होते. चीनशी सामना झाला त्या दिवशी अंगणात चाळीसएक माणसं. माळेगावहून दोघे बैलगाडी जुंपून आले होते. पेरूनं चीनलाही हरवलं. मी उभं राहून, हातवारे करून सांगत होतो आणि तात्या लिंबाखाली प्रत्येक फेक स्वतः टाकून दाखवत होते. एक म्हातारा "हाणऽ" म्हणून ओरडला आणि खोकत खाली बसला. मीसुद्धा माझ्या थापांवर विश्वास ठेवायला लागलो होतो. काकींनी आपण होऊन सगळ्यांना गूळ वाटला. चार वर्षांत त्या घरात एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

त्यानंतर दोन दिवस पेरूचं नावच छापून आलं नाही. तात्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटताच ते वर्तमानपत्र घेऊन आले, मागं माणसांचा घोळका. मी मनातल्या मनात बातमी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

पेरूची फुटबॉलची दुसरी टोळी होती. तिनं ऑस्ट्रियाला हरवलं, पण खेळ चालू असताना लोक मैदानात घुसले. ऑलिंपिकच्या वरिष्ठांनी ठरवलं, सामना पुन्हा खेळा. पेरूवाले म्हणाले, एकदा जिंकलोय, पुन्हा खेळणार नाही. आणि त्यांचे सगळेच खेळाडू ऑलिंपिक सोडून निघाले. आमचा बास्केटबॉलचा संघही त्यात गेला, एकही सामना न हरता.

पेरू हरलं असं सांगितलं असतं तर सोपं होतं. तोवर मी इतकं खोटं सांगितलं होतं, त्यात आणखी एक खपलं असतं. पण काकी दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, हे खरं सांगायलाच पाहिजे. मी आहे तसं वाचून दाखवलं.

तात्या उसळलेच. "जिंकल्याली मानसं परत का म्हनून खेळतील? लोकं मैदानात घुसली ह्यात खेळनाऱ्याचा काय गुन्हा? ज्यानं परत लावा म्हनून सांगितलं, त्यो पंच हाय का कोन हाय? लोकांच्या आरड्याला भ्यालेला दिसतुया. बरं केलं गड्यांनी. तितं ऱ्हायाचंच न्हाय असल्या ठिकानी."

घोळक्यातून दोघातिघांनी "व्हय, व्हय" केलं. काकी हळूच म्हणाल्या, "मारुतीनं तरी दुसरं काय केलं हुतं?"

माणसं एकेक करून उठली. तात्या लिंबाखाली बसून राहिले. मला त्यांची दया आली आणि, खरं सांगतो, थोडा रागही आला. एवढं समजायला यांना पेरूपर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर तात्या कोरं कार्ड घेऊन हजर. "लिवा."

त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. इजिप्तचा सामना, तो उंच गडी, तो डावा हात. माझ्या थापा मलाच शब्दाला शब्द लिहाव्या लागल्या. मग चीन. मी अक्षर बारीक करत गेलो. मग वरिष्ठांचा हुकूम आणि पेरूवाल्यांचं निघून जाणं. "ही मानसं बराबर हुती असं हितं समद्यांचं मत पडलं, असं लिवा."

"लिहिलं. आणखी?"

"जागा किती ऱ्हायली?"

"दोन ओळी."

"टाक-दौत हिकडं द्या."

तात्यांना सहीपुरतंच लिहायची सवय. कार्ड मांडीवर घेऊन ते बराच वेळ लिहीत होते. मग फुंकर घालून त्यांनी ते माझ्याकडं दिलं. "पत्ता तुमी घाला. तुमाला पाठ हाय. चार वर्सं झाली, मला ठावं हाय." एवढं बोलून ते माझ्याकडं न बघता निघून गेले.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये. पण कार्ड उघडंच असतं, आणि पत्ता घालताना डोळे मिटता येत नाहीत. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "त्येची पाट लागली हुती. मी बगितली हुती. लोकं काय म्हनतील म्हून भ्यालो. ये."