हार्लनची नंबरप्लेट

वर्लीनबाईंनी चर्चच्या पायऱ्यांवर जाहीर केलं होतं, "ही प्लेट काढायला देव जरी आला, तरी त्याला स्क्रूड्रायव्हर माझ्याकडेच मागावा लागेल!"

गाडीची ती प्लेट होती टॅलबर्ट स्टेट युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांची खास. लालभडक, वर कॉलेजचा बगळा. विद्यार्थी होता हार्लन, बाईंचा नवरा, आणि तो वसंतात वारला. नणंद आर्डिथ तेव्हापासून हटून बसलेली. "वहिनी, तुम्ही चौथी शिकलेल्या. दादाची प्लेट मिरवायला लाज नाही वाटत? काढा, नाहीतर मी कॉलेजच्या ऑफिसात कळवते!"

"वन्सं, चार वर्षं त्याच्या शर्टांना इस्त्री कोणी केली? शर्ट कॉलेजात गेला म्हणजे अर्धी मी गेले!"

शनिवारी सकाळी बाई हा वाद कायमचा मिटवायला आर्डिथकडे निघाल्या. कापसाच्या शेतांवर धुकं असं, जणू कोणी दुधात बुडवून ठेवलंय! बाईंनी दिवे लावले आणि गाडी गोगलगायीसारखी हाकली.

आरशात दोन दिवे दिसले. मग चार. मग मोजता येईनात. कोणी पुढे जाईना, कोणी हॉर्न वाजवेना. बाई हळू झाल्या, की तेही हळू. समोरून आलेला ट्रक कडेला थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून मान खाली घालून उभा राहिला. चौकात पोलिसानं सगळी वाहनं अडवली आणि टोपी छातीशी धरली.

त्या भागात माणसं अशी थांबतात ती फक्त मेलेल्यासाठी.

"म्हणजे... मीच गेले?" त्यांनी स्वतःचा गाल चिमटीत धरला. गार! मेलेल्या माशासारखा! आरशात धुकं जरा विरलं, आणि अगदी पाठीला लागून एक लांबलचक काळी गाडी.

"हार्लन, न्यायला आलास होय रे? निदान केस तरी विंचरू द्यायचे!"

आर्डिथच्या अंगणात बाईंनी कचकन ब्रेक दाबला. मागे सगळी रांग थांबली. काळ्या कपड्यांतली माणसं आवाज न करता उतरली. केसांना रोलर लावलेली आर्डिथ दारात आली. समोर शववाहिका!

"अगं आई गं! वहिनी, दादाला परत घेऊन आलात? ठेवा ती प्लेट! जन्मभर ठेवा!"

तेवढ्यात शववाहिकेचा ड्रायव्हर ओशाळून पुढे आला. "माफ करा हं, बाई. आमच्या पुढच्या गाडीलाही हीच प्लेट होती. धुक्यात तुमच्या मागे लागलो. दफनभूमी कुठंय?"

बाईंचा जीव परत जागेवर आला. गेलेल्या माणसाच्या बायकोनं मात्र त्यांचे हात धरले. "तुम्ही ह्यांच्याच कॉलेजच्या! आता तुम्हीच पुढे चला, ताई."

आर्डिथ रोलरसकट गाडीत चढून बसली. ही मजा ती सोडते थोडीच!

कबरीपाशी सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी उजवा हात वर केला आणि बाईंकडे पाहिलं. कॉलेजचं गाणं वयानं सगळ्यात मोठं असेल त्यानं सुरू करायचं, ही त्यांची रीत!

"म्हणा की, वहिनी," आर्डिथ कानाशी फुसफुसली. "अर्धं तरी येत असेल!"

बाईंना एक ओळ येत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि असा हंबरडा फोडला, की झाडावरचे कावळे उडाले!

"केवढी माया कॉलेजवर!" लोक डोळे पुसत म्हणाले.

आर्डिथनं रुमाल पुढे केला. हार्लनच्या दफनाच्या वेळी बाई याच्या निम्म्यानंही रडल्या नव्हत्या.